डार्कनेटवरील बाजार: एन्क्रिप्शन शाबूत असताना ग्राहकांचे पत्ते पोलिसांच्या हाती कसे लागले?

पाणवठा (धागाकर्ता)

नेदरलँड्सच्या पोलिसांनी २०१७ साली 'हान्सा' नावाचा डार्कनेटवरील (इंटरनेटच्या नेहमीच्या ब्राउझरने न उघडणाऱ्या भागातला) अमली पदार्थांचा बाजार ताब्यात घेतला आणि तो लगेच बंद न करता २७ दिवस स्वतःच चालवला, ही हकिकत अलीकडे सविस्तर वाचली. त्यावरून दोन प्रश्न पडले आहेत. इथे संगणक क्षेत्रातले आणि कायद्याचे जाणकार आहेत म्हणून विचारतो.

या बाजारांचा दावा असा असतो की टोरमुळे तुमचा ठावठिकाणा कुणाला कळत नाही, बिटकॉइनसारख्या चलनामुळे बँकेत नाव नोंदवावे लागत नाही, आणि माल कुठे पाठवायचा तो पत्ता पीजीपीने असा कुलूपबंद केलेला असतो की विक्रेत्याखेरीज तो कुणालाही वाचता येऊ नये. फिल झिमरमन यांनी पीजीपी १९९१ साली प्रसिद्ध केले आणि पुरेशा लांबीची चावी वापरली तर त्यामागचे गणित आजवर कुणी फोडल्याचे ऐकिवात नाही. असे असूनही हान्साच्या कारवाईत नेदरलँड्सबाहेरच्या ग्राहकांचे किमान १०,००० पत्ते पोलिसांना मिळाले आणि ते युरोपोलकडे, म्हणजे युरोपीय संघाच्या पोलिस संस्थेकडे, गेले. मग गणित फुटले का? फुटले नसेल, तर पाणी नेमके कुठे मुरले?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मी एका सहकारी पतसंस्थेत काम करतो. आमच्याकडे पाच हजारांच्या कर्जालाही दोन जामीनदार लागतात, आणि तरीही वसुलीसाठी माणूस पाठवावा लागतो. जिथे विकणारा, घेणारा आणि बाजाराचा मालक हे तिघेही मुखवट्याआड आहेत आणि फसवणूक झाली तरी कुणालाही न्यायालयात जाता येत नाही, तिथे लोक अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवायला धजावतात ते कशाच्या आधारावर?

मला खरेदीत रस नाही, तेव्हा 'कसे जावे, काय वापरावे' अशा स्वरूपाचे प्रतिसाद कृपया देऊ नयेत.

कंदील

पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की गणित फुटले नाही. ते वापरले जाण्याच्या क्षणभर आधीच पत्ता पोलिसांच्या हाती पडत होता. हे कसे घडले ते पाहण्यासाठी टोर आणि पीजीपी यांची हमी नेमकी कुठवर जाते ते आधी पाहावे लागेल, कारण बहुतेक लेखांत या दोन्ही गोष्टींची सरमिसळ केलेली असते.

टोर केवळ वाट लपवते. तुमचा संदेश तीन मध्यस्थ संगणकांतून जातो आणि त्यांतल्या प्रत्येकाला फक्त आपल्या अलीकडचा आणि पलीकडचा संगणक माहीत असतो. 'अनियन' संकेतस्थळाच्या, म्हणजे फक्त टोरमधूनच उघडणाऱ्या स्थळाच्या, बाबतीत तर भेट देणारा आणि संकेतस्थळ हे दोघेही आपापल्या बाजूने असा मार्ग बांधतात आणि मधल्या एका ठरलेल्या संगणकापाशी भेटतात, त्यामुळे दोघांनाही एकमेकांचा पत्ता कळत नाही. हल्लीचा ५६ अक्षरी अनियन पत्ता संकेतस्थळाच्या सार्वजनिक चावीपासूनच तयार होतो (चाव्या जोडीने असतात: सार्वजनिक सर्वांना दाखवायची, खासगी मालकापाशीच राहते). याचा अर्थ, ज्याच्याकडे त्या चावीची खासगी जोडी आहे तोच त्या पत्त्यावर उत्तर देऊ शकतो. (हान्साच्या काळात हे पत्ते १६ अक्षरी असत, पण तत्त्व हेच होते.) मात्र त्या चावीमागे बसलेला माणूस कालचाच आहे की आज बदलला, हे सांगण्याची जबाबदारी टोरने कधीच घेतलेली नाही. पोलिसांनी चावीसकट सगळा बाजार आपल्या सर्व्हरवर आणला तेव्हा टोर आपले काम चोखच करत राहिले: ग्राहकांना ते कुणाच्याही नजरेस न पडू देता थेट पोलिसांच्या दारात आणून सोडत होते.

पीजीपीचे तसे नाही, ते मजकूर लपवते. विक्रेता आपली सार्वजनिक चावी पानावर लावतो. ग्राहकाने स्वतःच्या संगणकावर त्या चावीने आपला पत्ता कूटबद्ध करायचा आणि तयार झालेला अगम्य मजकूर संकेतस्थळावर डकवायचा, ही मूळ रीत. ती कंटाळवाणी आहे, आणि कंटाळवाणी सुरक्षा लोक टाळतात. म्हणून हान्साने सोय करून दिली होती की तुम्ही पत्ता साधा टंका, तो कूटबद्ध करण्याचे काम आमचा सर्व्हर करील. पोलिसांनी याच सोयीच्या कोडमध्ये बदल केला. पत्ता आला की आधी त्याची एक साधी प्रत बाजूला ठेवायची आणि मग नेहमीप्रमाणे तो कूटबद्ध करून विक्रेत्याला पाठवायचा. विक्रेत्याला नेहमीसारखा कुलूपबंद मजकूर मिळत होता, ग्राहकाला नेहमीसारखा माल मिळत होता, आणि कुणालाही शंका येण्याचे कारण उरत नव्हते.

छायाचित्रांचेही तेच. विक्रेते मालाची छायाचित्रे चढवत तेव्हा त्यांतली अंतर्गत माहिती, म्हणजे कॅमेऱ्याचे नाव, वेळ, काही वेळा अक्षांश-रेखांश, हान्साचा सर्व्हर पुसून टाकत असे. पोलिसांनी हे पुसणे थांबवले, आणि पुढे तांत्रिक बिघाडामुळे जुनी छायाचित्रे नष्ट झाल्याची थाप मारून विक्रेत्यांकडून ती पुन्हा चढवून घेतली. पासवर्डही मूळ रूपात न साठवण्याची पद्धत होती. तीही बदलून ते टंकल्याबरोबर जसेच्या तसे नोंदवले जाऊ लागले. अनेकांनी तोच पासवर्ड इतर बाजारांतही ठेवलेला होता, हे वेगळे सांगायला नको.

आता मुळात बाजार हाती कसा लागला? २०१६ मध्ये एका सुरक्षा कंपनीकडून डच पोलिसांना नेदरलँड्समधल्या एका सर्व्हरविषयी कळले. हान्साचे चालक नव्या सुविधांची चाचणी तिथे घेत असत. त्या धाग्यावरून पुढे जे सर्व्हर सापडले त्यांत चालकांच्या आपसातल्या जुन्या गप्पांच्या नोंदी होत्या, आणि त्यांत त्यांची खरी नावेही होती. दोघेही जर्मनीत राहत होते. २० जून २०१७ रोजी त्यांना अटक झाली, आणि त्यानंतरही हान्साचे पगारी मदतनीस नव्या मालकांच्या हाताखाली निर्वेधपणे काम करत राहिले.

तिरकस रेघ

कंदील यांचे विवेचन हान्सापुरते पटते, परंतु त्यावरून 'यंत्रणा अभेद्य, माणूस तेवढा कच्चा' असा जो सूर निघतो तो मला मान्य नाही. ३० जानेवारी ते ४ जुलै २०१४ या काळात टोरच्या जाळ्यात काही मध्यस्थ संगणक असे शिरले होते की ते जाणाऱ्या संदेशांवर विशिष्ट खूण उमटवत आणि दुसऱ्या टोकाला ती ओळखत, म्हणजेच कोण कुठल्या अनियन स्थळाला भेट देतो याचा माग काढत. टोर प्रकल्पाने ते शोधून हाकलले आणि त्रुटी दुरुस्त केली. पुढे २०१६ मध्ये सिअॅटल येथील एका खटल्यात न्यायालयाच्या आदेशातूनच स्पष्ट झाले की कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने टोरवर संशोधन करताना मिळवलेली माहिती पोलिसांनी समन्स बजावून घेतली होती, आणि ते संशोधन अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून चालले होते. दरम्यान नोव्हेंबर २०१४ मध्ये 'ऑपरेशन ओनिमस' या कारवाईत 'सिल्क रोड २.०' या अमली पदार्थांच्या बाजारासह अनेक स्थळे एकाच झटक्यात बंद पडली. गणित शाबूत असले तरी जाळे फुटू शकते.

कंदील

रेघ यांचा आक्षेप रास्त आहे. टोरचे जाळे स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालते आणि पुरेसे संगणक आत घुसवणाऱ्याला त्यातून काही ना काही दिसू शकते, ही त्याची जन्मजात मर्यादा आहे. एवढेच नोंदवतो की सिल्क रोड २.० च्या बाबतीत अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याचा एक अधिकारी अगदी सुरुवातीपासून त्या स्थळाच्या मदतनीसांत नोकरीला होता आणि बिटकॉइनमध्ये पगार घेत होता. जाळे फोडणारी माणसे हाताशी असतानाही पोलिसांना मुखवटा घालून आत बसणे सोयीचे वाटले, यातही काही अर्थ आहे.

हिशेबनीस

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळले नाही, म्हणून माझ्या विषयाच्या बाजूने, अर्थात अर्थशास्त्राच्या बाजूने, लिहितो.

२०११ च्या आरंभी सुरू झालेल्या 'सिल्क रोड' या पहिल्या बाजाराचे नावीन्य टोरमध्येही नव्हते आणि बिटकॉइनमध्येही नव्हते. या दोन्ही गोष्टी आधीपासून उपलब्ध होत्या. त्याच्या मालकाने त्यांना ऑनलाइन दुकानांतल्या दोन साध्या रिवाजांची जोड दिली. पहिला रिवाज तारांकित अभिप्रायांचा आणि दुसरा एस्क्रोचा, म्हणजे ग्राहकाचे पैसे विक्रेत्याकडे लगेच न देता माल पोचेपर्यंत बाजाराने स्वतःकडे ठेवण्याचा. कार्नेगी मेलन येथीलच निकोलस क्रिस्तँ यांनी २०११-१२ मध्ये काही महिने या बाजाराची पाने रोज उतरवून घेऊन मोजमाप केले, तेव्हा महिन्याची उलाढाल सुमारे १२ लाख डॉलर असावी असा त्यांचा अंदाज आला आणि ९७ टक्क्यांहून अधिक अभिप्राय अनुकूल निघाले. हा आकडा मी जरा सावधपणे घेतो, कारण चढे अभिप्राय हा तारांकनाच्या सर्वच ठिकाणचा रोग आहे. तरी सर्रास लुबाडणूक चालू असती तर तो इतका वर राहिला नसता, एवढे मात्र खरे.

यामागचा हिशेब असा. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली दाखवले की ग्राहकाला मालाचा दर्जा आधी कळत नसेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. यावर उपाय म्हणजे विक्रेत्याला गमावण्यासारखे काहीतरी असले पाहिजे. निनावी विक्रेत्याकडे घर नाही, दुकान नाही, अब्रू नाही. त्याच्याकडे फक्त एक टोपणनाव असते आणि त्या नावाखाली वर्षभरात साचलेले हजारभर अभिप्राय असतात. नवे नाव घ्यायला दमडीही पडत नाही, आणि म्हणूनच नव्या नावावर कुणी विश्वास ठेवत नाही. प्रत्येकाला सुरुवातीला कमी दरात, कमी मालावर, निमूटपणे पत कमवावी लागते. ही कमावलेली पत हेच त्याचे भांडवल. एक बाजार बुडाला तर दुसरीकडे जाताना तो आपल्या जुन्याच पीजीपी चावीने सही करून 'तो मीच' हे सिद्ध करतो. म्हणजे जे साधन मजकूर लपवण्यासाठी आहे असे आपण समजतो, त्याचा तितकाच मोठा उपयोग ओळख टिकवण्यासाठी होतो.

आपल्याकडे झवेरी बाजारातला आंगडिया पावतीशिवाय लाखोंचे हिरे घेऊन जातो, तो विश्वासही कायद्याच्या कागदावर उभा नसतो. पण आंगडियाचे गाव, घराणे, नातलग सगळे ठाऊक असतात; त्याने दगा दिला तर त्याच्या मुलाला त्या धंद्यात कुणी उभे करणार नाही. डार्कनेटवर नेमकी हीच बाजू गायब आहे. तिथे दगा देणाऱ्याचे नाव तेवढे जळते, माणूस मोकळा राहतो. त्यामुळे उद्याच्या कमाईची अपेक्षा आज हाताशी असलेल्या रकमेपेक्षा मोठी असेल तोवरच तो इमानदार राहतो.

आणि विक्रेत्यांचे एक वेळ ठीक आहे, त्यांना निदान रोज गुण मिळतात. बाजाराच्या मालकाला कोण गुण देणार? एस्क्रोमुळे शेकडो व्यवहारांचे पैसे एकाच वेळी त्याच्या तिजोरीत पडून असतात. बाजार जितका भरभराटीला येतो तितका पळून जाण्याचा मोह वाढतो. मार्च २०१५ मध्ये 'इव्होल्यूशन' हा त्या वेळचा अग्रगण्य बाजार रातोरात नाहीसा झाला, आणि त्याच्या चालकांनी नेलेली रक्कम सुमारे १.२ कोटी डॉलर असावी असे तेव्हा सांगितले गेले. त्याआधी २०१३ च्या अखेरीस 'शीप मार्केटप्लेस'च्या ग्राहकांचे पैसेही असेच बुडाले होते. म्हणून पाणवठा यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की लोक विश्वास ठेवत होते तो विक्रेत्यावर, आणि त्याला काही आधार होता. धोका मात्र ज्याच्यावर आपण विश्वास टाकला आहे हे त्यांच्या ध्यानातच येत नव्हते त्या मालकाकडून होता.

पाणवठा

दोघांचेही आभार. हिशेबनीस यांचा मालकाविषयीचा मुद्दा आमच्या धंद्यात फार ओळखीचा आहे. ठेवीदार बुडतात ते क्वचितच कर्जदारांमुळे, बहुधा संचालकांमुळेच. आमच्याकडे त्यावर उपाय म्हणून ठरावीक रकमेच्या वर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. बिटकॉइनमध्ये असे काही करता येत नाही का, की ज्यायोगे मालकाला एकट्याला तिजोरी उघडताच येऊ नये?

कंदील

करता येते. त्याला मल्टिसिग म्हणतात. ग्राहक, विक्रेता आणि बाजार अशा तिघांच्या तीन चाव्या असतात आणि त्यांतल्या कुठल्याही दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे हलत नाहीत. ग्राहक आणि विक्रेता यांचे जमले तर मालकाची गरजच नाही. भांडण झाले तर मालक ज्याच्या बाजूने सही करील त्याला पैसे मिळतात. एकट्या मालकाला काहीच उचलता येत नाही.

आता यातली मेख पाहा. ही व्यवस्था ज्या मोजक्या बाजारांनी खरोखर राबवली त्यांत हान्सा होता, आणि 'आम्ही तुमचे पैसे घेऊन पळूच शकत नाही' ही त्याची जाहिरात होती. बाजार कायमचा बंद पडला तरी विक्रेत्याला ९० दिवसांनी आपले पैसे सोडवून घेता यावेत यासाठी हान्सा त्याला एक साधी मजकूर-फाइल उतरवून घ्यायला देत असे. पोलिसांनी त्या जागी एक्सेलची फाइल ठेवली. विक्रेत्याने ती उघडली की त्याचा संगणक गुपचूप एका ठराविक पत्त्याशी टोरच्या बाहेरून संपर्क साधत असे, आणि त्याचा आयपी पत्ता पोलिसांना कळत असे. ६४ विक्रेते या सापळ्यात सापडले. मालकावर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून जी सोय होती, तीही मालकाच्याच संकेतस्थळावरून उतरवावी लागत होती! मल्टिसिगचा कोडही पोलिसांनी बिघडवून ठेवला होता, म्हणून शेवटच्या दिवशी अडकलेली बिटकॉइने त्यांना जप्त करता आली.

बिटकॉइनच्या निनावीपणाविषयीही थोडे. प्रत्येक व्यवहार सर्वांना दिसेल अशा खातेवहीत कायमचा नोंदला जातो. तिथे नाव नसते, पण पुसणेही नसते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील एका तरुणाने सिल्क रोडच्या पैसे काढण्याच्या यंत्रणेतली खोट हेरली, एकाच वेळी धडाधड मागण्या पाठवल्या आणि ५०,००० हून अधिक बिटकॉइने काढून घेतली. चोरावर मोर, तक्रार कोण करणार? ती खातेवही मात्र तशीच राहिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच्या घरावर छापा पडला तेव्हा बिटकॉइनच्या चाव्या असलेली उपकरणे फरशीखालच्या तिजोरीत आणि न्हाणीघराच्या कपाटात, पांघरुणांखाली दडवलेल्या पॉपकॉर्नच्या पत्र्याच्या डब्यात सापडली. खातेवहीच्या या उघडेपणामुळे पुढच्या बाजारांनी मोनेरोचा आसरा घेतला. २०१४ साली आलेल्या या चलनात पाठवणारा, घेणारा आणि रक्कम या तिन्ही गोष्टी झाकलेल्या असतात.

त्याने मालकाचा प्रश्न सुटला का? 'इनकॉग्निटो मार्केट'चे उदाहरण घ्या. मार्च २०२४ मध्ये त्याच्या चालकाने आधी लोकांचे पैसे अडकवले आणि मग थेट पानावर जाहीर केले की तुमचे संदेश आणि व्यवहारांचे तपशील ठराविक मुदतीनंतर आपोआप नष्ट होतात असे आम्ही सांगत होतो, ते आम्ही कधी नष्ट केलेच नाहीत; आता ते उघड होऊ नयेत असे वाटत असेल तर पैसे भरा. विक्रेत्याच्या उलाढालीनुसार हा दर १०० ते २०,००० डॉलर होता. तिथेही सर्व्हरच्या बाजूने आपोआप कूटबद्ध करण्याची सोय होती, आणि तिच्यावर विसंबलेले लोकच सर्वांत अडचणीत आले. मे महिन्यात न्यूयॉर्कच्या विमानतळावर या चालकाला, एका तैवानी तरुणाला, अटक झाली. हान्सामध्ये पोलिसांनी जे केले तेच इथे मालकाने स्वतः केले, त्यासाठी कोडमध्ये काही बदलण्याचीही गरज पडली नाही.

काळा कोट

वकिली करतो, तंत्र फारसे कळत नाही. पण या खटल्यांची कागदपत्रे आवडीने वाचतो आणि त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. टोपणनाव आणि खरे नाव यांची गाठ बहुतेक वेळा बाजार मोठा होण्याआधीच पडलेली असते, तेव्हा कुणाला गुप्ततेची तितकी फिकीर नसते.

सिल्क रोडचा मालक रॉस उलब्रिक्ट याने जानेवारी २०११ मध्ये 'अल्टॉइड' या नावाने एका-दोन चर्चास्थळांवर आपल्याच संकेतस्थळाची हळूच जाहिरात केली होती. त्याच नावाने त्याने ऑक्टोबरमध्ये तांत्रिक मदतनीस हवा असल्याची सूचना टाकली आणि संपर्कासाठी स्वतःच्या पूर्ण नावाचा जीमेल पत्ता दिला. अमेरिकेच्या करखात्यातल्या एका तपासनीसाला हे साध्या गूगल शोधातून सापडले. १ ऑक्टोबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या ग्लेन पार्क वाचनालयात त्याला पकडताना तपास यंत्रणेची सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी होती: लॅपटॉपचे झाकण मिटण्याआधी तो हाती यावा. म्हणून एका स्त्री-पुरुषांच्या जोडीने त्याच्या पाठीमागे भांडणाचे नाटक केले, तो वळून पाहू लागला आणि तेवढ्यात लॅपटॉप उचलला गेला. झाकण मिटले असते तर कूटबद्ध डिस्क उघडणे जवळपास अशक्य होते. कंदील म्हणतात त्या गणिताला पोलिसांनी दिलेली ही पावतीच म्हणायची. २०१५ मध्ये त्याला दुहेरी जन्मठेप झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला पूर्ण माफी दिली.

'अल्फाबे' या दुसऱ्या मोठ्या बाजाराचा चालक अलेक्झांडर काझेस सापडला तो नव्या सदस्यांना सुरुवातीच्या काळात जाणाऱ्या स्वागताच्या ईमेलमुळे. तिच्या शीर्षभागात त्याचा खासगी हॉटमेल पत्ता राहून गेला होता. ५ जुलै २०१७ रोजी बँकॉकमध्ये पोलिसांनी त्याच्या फाटकावर मोटार आदळून त्याला बाहेर काढले, आणि आत लॅपटॉप उघडाच होता. अल्फाबे अचानक दिसेनासा झाल्यावर त्याचे ग्राहक लोंढ्याने हान्साकडे वळले. हान्सा पोलिसांकडे आहे हे २० जुलैपर्यंत गुप्त ठेवण्याचा हेतूच तो होता.

आणि विश्वासाचा विषय निघाला आहे तर तपासणाऱ्यांचेही नाव घ्यावे लागेल. सिल्क रोडच्या तपासात असलेले कार्ल फोर्स आणि शॉन ब्रिजेस हे दोन केंद्रीय अधिकारी त्या तपासातच बिटकॉइने लंपास करताना सापडले आणि दोघांनाही २०१५ मध्ये सहा-सहा वर्षांच्या आसपास तुरुंगवास झाला.

आपल्या वाचकांसाठी भारतातली बाजू सांगतो. टोर वापरणे हा आपल्याकडे गुन्हा नाही. पत्रकार आणि सामान्य माणसेही ते वापरतात. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार कूटबद्ध माहिती उलगडण्यास साहाय्य करण्याचा आदेश देऊ शकते आणि तो न पाळल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आरोपीलाच पासवर्ड सांगायला लावता येतो का, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) शी (आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको) जोडलेला वादाचा मुद्दा आहे, तो इथे लांबवत नाही.

संगणकावर कितीही मुखवटे असले तरी पाकीट शेवटी टपालाने किंवा कुरिअरने येते, आणि त्यावर पत्ता साध्या अक्षरांत लिहावा लागतो. तिथून पुढे एनडीपीएस कायदा, १९८५, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, लागतो. जवळ बाळगल्याचे सिद्ध झाले की कलम ३५ आणि ५४ खाली गृहीतके आरोपीच्या विरोधात जातात. एलएसडीच्या बाबतीत 'व्यापारी मात्रा' केवळ ०.१ ग्रॅमपासून सुरू होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असे ठरवले की ज्या कागदी तुकड्यावर ते टिपलेले असते त्याचे वजनही त्यात धरायचे. याचा अर्थ, पाकिटात मावणारे मोजके चतकोर कागद दहा वर्षांच्या किमान शिक्षेपर्यंत नेऊ शकतात आणि कलम ३७ मुळे जामीनही दुरापास्त होतो. पोस्टाने 'थोडेसे' मागवणाऱ्या महाविद्यालयीन मुलांना हे माहीत नसते.

विक्रेत्यांतही आपली माणसे आहेत. हल्द्वानीचा बनमीत सिंग सिल्क रोड, अल्फाबे आणि हान्सा या तिन्ही ठिकाणी 'लिस्टन' या नावाने विकत असे. २०१९ मध्ये त्याला लंडनमध्ये अटक झाली, २०२३ मध्ये अमेरिकेकडे सोपवले गेले, आणि २०२४ मध्ये गुन्हा कबूल करताना त्याने सुमारे १५ कोटी डॉलर किमतीचे आभासी चलन सोडून दिले. तीन बाजारांत एकच नाव वापरण्याचे कारण हिशेबनीस यांनी वर दिलेच आहे; पत सोबत न्यायची तर नाव सोबत न्यावे लागते, आणि नाव सोबत नेले की मागही सोबत येतो.

तिरकस रेघ

एक गोष्ट कुणी विचारली नाही, म्हणून विचारतो. २७ दिवस सरकारी यंत्रणेने अमली पदार्थांचा बाजार चालवला, त्या काळात हजारोंनी व्यवहार झाले आणि बराचसा माल घरोघरी पोचलाही असणार. पोलिसांनी फेंटानिल या अतिशय घातक अमली पदार्थाची विक्री त्या काळात बंद केली, म्हणजे कुठे थांबायचे हे त्यांना कळत होते. बाकीचा माल मात्र जाऊ दिला. हे आपल्याकडे चालले असते का?

हिशेबनीस

कायद्याचे काळा कोट सांगतील. हेतूपुरते सांगायचे तर त्यांना केवळ पत्ते नको होते, बाजारावरचा विश्वासच मोडायचा होता. डच पोलिसांनी टोरवर स्वतःचे पान उघडून त्यावर कोणते विक्रेते सक्रिय आहेत, कोण ओळखले गेले आणि कोणाला अटक झाली, त्यांची टोपणनावे लावली. त्यानंतर अनेक विक्रेत्यांनी जुने नाव आणि जुनी चावी टाकून दिली, म्हणजे कमावलेली पत स्वतःच्या हाताने जाळली. परिणाम सर्वत्र टिकला असे मात्र नाही. रशियन भाषिकांचा 'हायड्रा' हा बाजार २०१५ पासून एप्रिल २०२२ पर्यंत चालला, आणि जर्मन पोलिसांनी तो बंद केला तेव्हा त्याच्यावर सुमारे १.७ कोटी ग्राहकखाती आणि १९,००० विक्रेते नोंदलेले होते. तिथे टपालाऐवजी माल शहरात कुठेतरी पुरून ठेवायचा आणि ग्राहकाला जागा कळवायची, अशी पद्धत होती. काळा कोट यांनी सांगितलेला पाकिटावरचा पत्ता त्यांनी अशा रीतीने टाळला होता; पडला तो सर्व्हर जर्मनीत सापडल्यामुळे.

काळा कोट

रेघ यांच्या प्रश्नाला उत्तर देतो. एनडीपीएस कायद्याच्या कलम ५० अ मध्ये 'नियंत्रित वितरणा'ची तरतूद आहे. एखादे पाकीट अधिकाऱ्यांच्या नजरेखाली ठरलेल्या ठिकाणापर्यंत जाऊ द्यायचे आणि घेणाऱ्याला पकडायचे. ही परवानगी विशिष्ट मालापुरती असते आणि माल शेवटी जप्त व्हावा अशी तिच्यामागे अपेक्षा असते. संपूर्ण बाजार महिनाभर चालवून माल ग्राहकांच्या हाती पडू देणे या कलमात बसवता येईल असे मला वाटत नाही. उलट दिशेची अडचणही आहे: परदेशी पोलिसांनी अशा कारवाईत मिळवलेला भारतातला पत्ता इथे आला, तर तो झडतीसाठी कारण म्हणून पुरेल, पण खटला उभा राहील तो त्या झडतीत प्रत्यक्ष काय सापडले आणि पंचनामा कसा झाला यावर. माझ्या अनुभवात अशी प्रकरणे कूटलेखनावर कधीच अडत नाहीत. ती नमुने घेण्याच्या पद्धतीवर, सीलवर आणि पंचांच्या साक्षीवर अडतात.